शेळीचा खुलासा

मी करजणला नोकरी करतो असं पुण्याच्या मावशीला सांगितलं, तर ती म्हणाली, "बरंय की, लोकलने जाऊन येऊन करता येत असेल." तिला कर्जत ऐकू आलं होतं. नगरच्या काकांनाही कर्जतच ऐकू आलं, पण त्यांच्या जिल्ह्यातलं. त्यांनी तिथल्या तीन पुढाऱ्यांची चौकशी केली. मी तिघांनाही ओळखत नाही म्हटल्यावर मला खरोखर नोकरी आहे का, अशीच त्यांना शंका आली. तेव्हापासून मी आधीच फोड करून सांगतो. क, र, ज, ण. जिल्हा बडोदा. बडोद्याहून भरूचकडे जाताना हायवेवर टोलनाका लागतो ना, ते. टोलनाका म्हटलं की लगेच ओळख पटते. जिथे पैसे भरले ती जागा माणूस विसरत नाही.

गुजरातेत तरी हा घोळ नसेल असं वाटलं होतं. पण तिथे करजण नावाची नदी आहे आणि त्या नदीवर राजपिपळ्याजवळ जितगढला भलंथोरलं करजण धरण आहे. आमच्या करजणचा त्या करजणशी काडीचा संबंध नाही. मध्ये अख्खी नर्मदा आडवी वाहते. पण आमची कंपनी पाण्याची कामं करते. पाण्याची कंपनी आणि करजण म्हटलं की लोकांना धरणच आठवतं. मी लागलो त्याच महिन्यात पाइपांचा ट्रक यायचा होता. पहाटे साडेपाचला ड्रायव्हरचा फोन आला, "साहेब, करजण आवी गयो. सामे डेम छे. माल क्यां उतारुं?"

खरी गंमत पुढे आहे. ते पाइप जायचे होते राजपिपळा, डेडियापाडा, सागबारा असे करत महाराष्ट्रात अक्कलकुव्याच्या पलीकडे, सातपुड्यात. म्हणजे चुकून का होईना, ट्रक अर्ध्या वाटेवर येऊन उभा होता. मी शेठना म्हटलं, तसाच पुढे जाऊ दे. शेठ म्हणाले, "स्टॉक रजिस्टर करजणला आहे. माल आधी रजिस्टरात, मग जमिनीत." ट्रक पोइचाच्या पुलावरून नर्मदा ओलांडून करजणला आला, पाइप मोजले गेले, मी सही केली, आणि तोच ट्रक त्याच पुलावरून परत गेला. नर्मदेची परिक्रमा करणाऱ्यांना नदी ओलांडायची मनाई असते म्हणतात. आमच्या पाइपांना पुण्य लागलं नसणार.

कंपनी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काचेची इमारत आली असेल तर ती पाडून टाका. जुन्या बाजारात एका बियाणांच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. माणसं म्हणाल तर शेठ, मी, एक प्लंबर मिस्त्री, दाहोदकडचा एक मुकादम आणि त्याची टोळी. वाहन एक छोटा हत्ती. यंत्रसामग्री म्हणजे लेव्हल घ्यायची एक जुनी दुर्बीण, जी शेठनी सेकंडहँड घेतली तेव्हाच थर्डहँड होती. आम्ही डोंगराळ आदिवासी गावांत नळपाणी योजना बांधतो. विहीर किंवा बोअर, त्यावर सौर पंप, वर टाकी, खाली पाइप आणि शेवटी नळ. ऐकायला सोपं आहे. शेठ प्रत्येक अडचणीवर दोनच शब्द बोलतात: "थई जशे." पलीकडे महाराष्ट्रातल्या कचेरीत त्यावर एकच शब्द मिळतो: "बघू." या दोहोंच्या मध्ये जी दरी आहे, तिच्यातून आमची योजना जाते.

मला घेतलं ते इंजिनियर म्हणून नव्हे, मराठी म्हणून. नंदुरबार जिल्ह्यातली कामं मिळायला लागली आणि शेठच्या लक्षात आलं की कागद वाचणारा कोणी नाही. गुजरातेत 'वहीवटी मंजूरी' म्हणतात, ती सीमा ओलांडली की 'प्रशासकीय मान्यता' होते. बिलाचं 'देयक' होतं. वर्क ऑर्डरचा 'कार्यारंभ आदेश' होतो. पहिला आदेश आला तेव्हा मी तो मोठ्याने वाचून दाखवला, तर शेठनी विचारलं, "लग्न कोणाचं आहे?" आता माझी मराठी बडोद्याची. म्हणजे वाक्य मराठीत निघतं आणि मध्येच डभोईला गाडी बदलून गुजरातीत पोचतं. पण आमच्या घराण्याला पाण्याचा वारसा आहे. सयाजीरावांच्या काळात बडोद्याला आजव्याच्या तलावाचं पाणी आलं, १८९२ साली. तो तलाव आमच्या पणजोबांनी बांधला असं आमच्या घरात तीन पिढ्या सांगतात. बडोद्यातल्या प्रत्येक मराठी घरात कोणी ना कोणी महाराजांच्या नोकरीत होताच. आमचे पणजोबा तलावावरच्या मजुरांची हजेरी लिहायचे. मीही तेच करतो, म्हणून वारसा म्हटलं.

करजणचं नाव रेल्वेच्या इतिहासात आहे, हे मावशीला अजून सांगायचं राहिलंय. खंडेराव गायकवाडांच्या कारकिर्दीत, १८६२ साली, डभोईपासून आमच्या करजणला लागून असलेल्या मियागामपर्यंत अडीच फुटी रुळांची रेल्वे घातली. भारतातली पहिली नॅरोगेज. रूळ मात्र इतके हलके की इंजिनाचा भार त्यांना पेलेना. मग डबे बैलांनी ओढले. पुढे १८७३ मध्ये दणकट रूळ टाकले, तेव्हा कुठे ते इंजिनाचा भार पेलू लागले. कित्येक वर्षं ही रेल्वे हिरवा चारा खाऊन चालत होती! लोकांना हसू येतं. मला येत नाही, कारण आमची कंपनी अजून १८६२ सालातच आहे. ट्रक डांबरी रस्ता संपेपर्यंत जातो, छोटा हत्ती कच्चा रस्ता संपेपर्यंत, तिथून बैलगाडी, आणि बैलांनी मान टाकली की माणसांचे खांदे. अंदाजपत्रकात या सगळ्याला एकच शब्द असतो: 'वाहतूक'.

सातपुड्यातलं गाव नकाशावर एक ठिपका असतं. हा ठिपका काढणाऱ्या माणसाला मला एकदा भेटायचंय. तिथे देशावरच्यासारखी घराला घर चिकटून आळी नसते. प्रत्येकाचं घर त्याच्या शेतात आणि प्रत्येकाचं शेत त्याच्या टेकडीवर. गुजरातच्या बाजूला फळियुं म्हणतात, इकडे पाडा. आमच्या पाड्यात घरं बावीस. पहिल्या घरातून बाविसाव्या घरी जायचं तर मध्ये दोन नाले उतरून चढावे लागतात आणि तीन ठिकाणी कुत्री लागतात. आराखड्यात माणशी ५५ लिटर पाणी. जलजीवन मिशनचं माप तेच आहे. या मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ ला झाली, तेव्हा २०२४ पर्यंत घरोघर नळ द्यायचा होता. पुढे मुदत २०२८ पर्यंत वाढली. ही बातमी वाचून शेठचा चेहरा कित्येक दिवसांनी फुलला. "बघा," म्हणाले, "सरकारलाही एक्स्टेन्शन लागतं."

टेकडीवर उभं राहिलं की उन्हाळ्यातही खाली लांबवर सरदार सरोवराचं निळं पाणी चमकताना दिसतं. त्या पाण्यात महाराष्ट्राची ३३ गावं गेली. तेच पाणी नर्मदेच्या मुख्य कालव्यातून ४५८ किलोमीटर चालत राजस्थानच्या सीमेपर्यंत जातं, वाटेत दमत नाही. आणि आमचं पाणी विहिरीपासून टाकीपर्यंत सातशे मीटर चढताना तीन ठिकाणी बसतं. तिथल्या बाया मार्च उलटला की नाल्यातल्या झिऱ्यावर जातात. वाळूत हातभर खड्डा करायचा, पाझरेल तेवढं पाणी वाटीने हंड्यात भरायचं. हे लिहिताना माझा विनोद जरा आखडतो, म्हणून पुढे जातो.

तर लेव्हल. आम्ही टाकीच्या जागेपासून पाइपलाइनची पातळी मोजत होतो. आमची दुर्बीण जुन्या काळची. तिच्यातून सगळं उलटं दिसतं. सवय झाली की काही वाटत नाही, आकडे वाचता येतात. समोरच्या चढावर मुकादम मोजपट्टी धरून उभा होता. एक आजोबा बराच वेळ बाजूच्या दगडावर बसून आमच्याकडे पाहत होते. मी अदबीने म्हटलं, "बाबा, बघता का?" त्यांनी एक डोळा लावला, दुसरा हाताने झाकला, आणि खूप वेळ पाहिलं.

"तुमचा माणूस डोक्यावर उभा आहे."

"यंत्रात तसंच दिसतं, बाबा."

"डोंगरपण उलटा आहे."

"हो, तोही."

ते मागे झाले, नुसत्या डोळ्यांनी डोंगराकडे पाहिलं, मग यंत्राकडे, मग माझ्याकडे. "मग टाकी खाली येईल की वर?"

मिस्त्री इतका हसला की मोजपट्टीवरचा आकडा चुकला आणि आम्हाला तो टप्पा पुन्हा घ्यावा लागला. आजोबांनी मग आम्हाला आपलं शेत दाखवायला नेलं. नाल्याच्या वरच्या अंगाला दगडांचा छोटा बांध, फटींत सागाची पानं आणि वर चिखल लिंपलेला. तिथून निघालेला वीतभर रुंद पाट डोंगराच्या कुशीने वळत वळत त्यांच्या शेतात येत होता. खालून बघितलं तर पाणी चक्क चढतंय असं वाटायचं. जादू काही नाही. नाला धाडधाड खाली उतरतो आणि पाट अगदी जपून, अंगठ्याएवढा उतार धरून चालतो. त्यामुळे थोडं पुढे गेलं की पाट नाल्याच्या कितीतरी वर असतो. नर्मदेच्या पलीकडच्या काठावर, मध्य प्रदेशात आलिराजपूरकडे भिताडा नावाचं गाव आहे. तिथल्या भिलाला शेतकऱ्यांचे असे पाट अभ्यासकांनी पुस्तकात नोंदवलेत. आजोबांनी ते पुस्तक पाहिलेलं नव्हतं. त्यांनी आपल्या बापाला पाहिलं होतं. मिस्त्रीने गुपचूप दुर्बीण लावून पाटाची पातळी घेतली. कुठे चूक सापडली नाही. आमच्या यंत्राला तो अपमान वाटला असावा, कारण त्याच दिवशी त्याचा एक स्क्रू पडला.

परत येताना आजोबांनी चुन्याने आखलेली आमची लाइन पाहिली. एका उंचवट्यावर थांबले. लाइन तिथे चढत होती आणि मग पलीकडे उतरत होती. काठी टेकवून म्हणाले, "इथं अडेल." मी नकाशा दाखवला. नकाशात रेघ सरळ होती. कागद सपाट असल्याने तिथे काहीच चढत नव्हतं. शेठना फोन केला. शेठ म्हणाले, "वळसा घातला तर पाइप वाढेल. थई जशे."

काम कसं झालं ते फार सांगत नाही, कारण बऱ्याच दिवसांत ते झालंच नाही. काँक्रीटच्या ठोकळ्यांची परीक्षा अठ्ठावीस दिवसांनी होते, हे इंजिनियरिंगच्या पुस्तकात आहे. होळीआधी भोंगऱ्या बाजार भरतो आणि तेव्हा फावड्याला हात लावायला माणूस मिळत नाही, हे नाही. महाशिवरात्रीच्या सुमारास सागबाऱ्याजवळ देवमोगराला याहामोगीची जत्रा असते, तिलाही सगळा सातपुडा लोटतो. कोंबड्या, बकरे, दारू असा रीतसर नैवेद्य असतो. आमचा मुकादमही सुट्टीचा अर्ज न देता गेला. परत आला तो दोन किलोंनी जास्त आणि कामाला चार दिवसांनी कमी. कार्यारंभ आदेशातल्या मुदतीच्या कलमात अतिवृष्टी आहे, भूकंप आहे, होळी नाही.

पहिलं पाणी सोडायच्या दिवशी शेठ स्वतः आले. पांढरा शर्ट, कपाळाला टिळा, हातात नारळ. टाकी भरलेली, व्हॉल्व्ह उघडला. वरच्या पाच घरांत पाणी आलं आणि टाळ्या पडल्या. उरलेल्या सतरा घरांचे नळ नुसते फुसफुसले. एका पोराने नळाला कान लावला आणि ओरडला, "साप हाय!" सगळी पोरं लांब पळाली आणि लगेच दुप्पट संख्येने परत आली. मिस्त्रीने कपाळावर हात मारला. हवा अडकली होती. पाइप वर चढून खाली उतरतो तिथे शेंड्याला हवा साठते आणि पाण्याची वाट अडवून बसते, हे त्याला आजोबांइतकंच ठाऊक होतं. फक्त आजोबा पगारी नव्हते, म्हणून बोलू शकले. आम्ही धावत त्या उंचवट्यावर गेलो. आजोबा आमच्या आधीच तिथे पाइपाच्या उरलेल्या तुकड्यावर बसून विडी ओढत होते. एक शब्द बोलले नाहीत. नुसते सरकून आम्हाला जागा करून दिली. मिस्त्रीने जोड सैल केला. आधी भस्सकन हवा गेली, मागोमाग कारंजं उडालं. ते नेमकं शेठच्या शर्टावर. दहा मीटर उंचीवरून आलेलं पाणी चौरस सेंटिमीटरवर एक किलोचा दाब देतं. आमची टाकी तिथून पस्तीस मीटर वर होती. शेठ भिजून उभे होते आणि खाली सतरा घरांतून बायांचा आरडाओरडा येत होता, आनंदाचा. शेठनी तोंडावरचं पाणी पुसलं. "थयुं ने?" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिथे एअर व्हॉल्व्ह बसवला. त्याची किंमत वळशाला लागणाऱ्या पाइपापेक्षा जास्त पडली, हे मी रजिस्टरात लिहिलंय. शेठना दाखवलेलं नाही.

मग आले फोटो. प्रत्येक नळाचा, नळापाशी हंडा घेतलेल्या बाईसकट, अक्षांश-रेखांश छापलेला फोटो लागतो. उपग्रहाला मोबाइलचं नेटवर्क लागत नाही, पण फोटो घेणाऱ्या ॲपला लागतं, आणि पाड्यात नेटवर्क फक्त एका आंब्याखाली येतं. पहिल्या खेपेस मुकादमाने सगळ्या बायांना हंड्यांसकट आंब्याखाली बोलावलं आणि बावीस फोटो काढून आणले. कागदोपत्री बावीस नळ एकाच आंब्याला लागलेले होते. ते मी फाडले. दुसऱ्या खेपेस मी स्वतः घरोघर फिरलो, तर नळाच्या खांबांना शेळ्या बांधलेल्या. पक्क्या काँक्रीटचा दुसरा खांब पाड्यात नाहीच, त्याला कोण काय करणार? काही फोटोंत बाई आहे, हंडा आहे, नळ आहे आणि शेळी माझ्याकडे बघतेय.

आता फक्त गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीची सही राहिली होती. या समितीत निम्म्या तरी बायका लागतात, आणि आमच्या पाड्यात अध्यक्षही बाईच. पाणी तपासायची पेटी त्यांच्याकडे असते. नळीत दोन थेंब टाकून त्या क्लोरीन बघतात आणि रंग कमी आला तर मिस्त्रीकडे असं बघतात की तोच पिवळा पडतो. मी दाखला पुढे केला.

"माणशी ५५ लिटर म्हणजे किती हंडे, भाऊ?"

"पावणेचार, ताई."

"पाहुणा आला तर?"

शेठ पुढे होऊन म्हणाले, "पाहुण्याचे ५५ त्याच्या गावात."

बाईंनी ते मान्य केलं. "आणि शेळ्या?"

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी अंदाजपत्रक चाळलं. चाळायची गरज नव्हती. "शेळी लाभार्थी नाही, ताई."

"पण पिते ना ती." बाईंनी दाखला घडी करून पेटीत ठेवला, क्लोरीनच्या बाटलीखाली. "माझ्या घरात माणसं पाच आणि शेळ्या अकरा. पाचांचं पाणी सोळांनी पिऊन वर ५५ कसं होईल, ते लिहून द्या. मग सही देते."

गणित बिनचूक होतं. दोन दिवस बोलणी झाली. शेठचं म्हणणं, जे एमबीत नाही ते बांधायचं नाही. एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिका. त्यात नसेल तर ताजमहालसुद्धा बेकायदा. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर मिस्त्रीने रात्रीतून काम उरकलं होतं. उरलेलं सिमेंट, नाल्यातली वाळू. टाकी भरून वाहते ते पाणी फुकट डोंगरावरून जात होतं, ते त्याने पाइपाच्या तुकड्यांनी खाली आणून एका बसक्या हौदात सोडलं. शेळीच्या गुडघ्याएवढा हौद, कडा गोल केलेल्या. पाइपाला वळसा घातलेला. मी काही विचारलं नाही. पलीकडे आजोबा हात धूत होते. बाईंनी सही केली, शिक्का मारला.

आणि त्या हौदापायी आमचं देयक अडकलंय. त्रयस्थ तपासणीचा माणूस आला, टाकी चढला, पाइप मोजले, सगळं ठीक. जाताना त्याला हौद दिसला. शेरा आला: 'मंजूर आराखड्याव्यतिरिक्त बांधकाम आढळून आले. खुलासा करावा.' पहिला खुलासा मी लिहिला की ओसंडणाऱ्या पाण्याने जमिनीची धूप होऊ नये म्हणून सदर बांधकाम केले आहे. उत्तर आलं, तसे असल्यास त्यावर तोंडे टेकून शेळ्या उभ्या असलेली छायाचित्रे का जोडली? दुसऱ्या खुलाशात मी हौदाचा खर्च कंपनीने सोसला असून त्याची मागणी नाही, असं लिहिलं. यावर तर कचेरी फारच गोंधळली. कंत्राटदार पैसे मागत नाही, म्हणजे काहीतरी नक्कीच लपवतोय. तिकडे शेठ सध्या हातउसने घेऊन पगार करतात. मला तर वाटतं करजण हे नाव कर्ज आणि जण यांच्यापासूनच आलं असावं.

गेल्या आठवड्यात तिसरं पत्र आलं. सूर नरम होता. बाब सुधारित अंदाजपत्रकात समाविष्ट करण्याचा विचार होऊ शकतो, त्यासाठी लाभार्थी पशुधनाची नेमकी संख्या समितीच्या सहीने कळवावी. मी लगेच बाईंना फोन लावला. त्यांना उचलायला आंब्याखाली यावं लागतं, म्हणून तीनदा लावला.

"ताई, पाड्यात शेळ्या एकंदर किती?"

बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मागे कुठेतरी एक शेळी ओरडली.

"देवमोगराच्या आधीच्या सांगू, का नंतरच्या?"